निवळ राहिलेली बाटली



आपल्या हुबळीत १८९८ साली प्लेग पसरला तेव्हा हाफकिनसाहेबांची लस हजारो लोकांनी टोचून घेतली, हे जुन्या घरांतून ऐकलेलं असेल. ती मुंबईत कशी बनायची, ते मला फार उशिरा कळलं. मांसाच्या रसात प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. वाढ झाली की थेंबांखाली झुंबरासारखे धागे लोंबायचे. मग तापवून जंतू मारायचे, की लस तयार.

रुग्णाच्या रक्तातला जंतू शोधायची रीतही मुळात तीच. रस, ऊब आणि वाट बघणं.

१९६५ साली मी सातवीत होतो. दादाला मुदतीचा ताप आला. अप्पांनी कुणालाही न विचारता क्लोरॅम्फेनिकॉलच्या कॅप्सूल आणून सुरू केल्या. तीन दिवसांनी डॉक्टरांनी रक्त काढून कल्चरला पाठवलं. तेव्हा बाटली ३७ अंशांवर ठेवून रोज उजेडासमोर धरून बघत. रस गढूळ झाला म्हणजे जंतू वाढला. आमची बाटली सातही दिवस निवळ राहिली.

अप्पांना वाटलं, टायफॉईड नव्हेच. ताप उतरला होता, त्यांनी कॅप्सूल बंद केल्या. पंधरवड्यात ताप उलटला आणि आतड्याला भोक पडून दादा गेला. औषध सुरू असताना काढलेल्या रक्तात जंतू असूनही वाढत नाहीत, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. अप्पांनी स्वतःला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

गेल्या वर्षी हिला थंडी वाजून ताप भरला. मी घाईनं म्हटलं, "आधी इंजेक्शन द्या." तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, आधी रक्त. दोन्ही हातांतून वेगवेगळं." कातडीवरचा जंतू चुकून एका बाटलीत शिरू शकतो, दोन्हींत एकच निघाला तर खरा. आम्ही बँकेत दोन वह्या टॅली करायचो, तसंच!

रक्त घेतल्यावर पाच मिनिटांत इंजेक्शन दिलं. आता बाटल्या यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साईड सोडतात, त्यानं बुडाची निळसर-हिरवी चकती पिवळी होते. यंत्र दर दहा मिनिटांनी ती तपासतं. चौदा तासांत खूण मिळाली. दोन्हींत ई. कोलाय, लघवीच्या वाटेनं रक्तात गेलेला. त्याला लागू पडेल तेच औषध दिलं.

ही आता आतून चहाला हाक मारतेय. मंडळी, अँटिबायोटिक मनानं सुरू करू नका, आणि मनानं बंदही करू नका. दादाच्या निवळ बाटलीनं आम्हाला एवढं शिकवलं.