विहिरीतला गप्पी: मासा पाणी शुद्ध करायला आला तेव्हा

घरच्या काचेच्या टाकीत गप्पी मासे आणले की पहिला प्रश्न पडतो तो फिल्टरचा. स्पंजचा घ्यावा की मोटारीचा, तळाशी वाळू किती असावी, पाणी किती दिवसांनी बदलावे? माशासाठी पाणी शुद्ध राखण्याचा हा सारा खटाटोप. परंतु हाच मासा भारतात आणला गेला, तेव्हा प्रश्न नेमका उलटा होता. पाण्यासाठी मासा हवा होता.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना अॅनॉफेलीस डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी आढळले. त्यानंतर साचलेल्या पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत हिवतापाने थैमान घातले, तेव्हा डॉ. चार्ल्स बेंटली यांनी त्याच्या कारणांचा शोध घेतला. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. दोषी ठरला तो अॅनॉफेलीस स्टीफेन्सी हा डास. त्याचा जन्म दलदलीत नव्हे, तर घराघरांच्या विहिरींत आणि हौदांत होत होता.

वरकरणी उपाय सोपा होता. विहार तलावाचे पाणी १८६० पासून आणि तानसाचे १८९२ पासून शहराला मिळत होते. विहिरींवाचून मुंबईकर तहानेने मरणार नव्हते. तेव्हा विहिरी बुजवाव्यात, निदान घट्ट झाकाव्यात, असे धोरण महापालिकेने अवलंबिले.

येथे खरा संघर्ष उभा राहिला. विहीर ही केवळ पाण्याची सोय नव्हती. पारशी समाजाला धर्मकार्यासाठी सूर्यप्रकाश लाभलेले विहिरीचे पाणी लागे. अनेक हिंदू कुटुंबांना पूजेसाठी नळाचे पाणी चालत नसे. शिवाय विहिरीतल्या देवतेचा वा पुरुषाचा कोप होईल ही भीती निराळीच. एका बाजूस तापाने फणफणलेली मुले, दुसऱ्या बाजूस पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा. यांपैकी कोणत्याही बाजूला अडाणी म्हणून हसण्यावारी नेणे हे आळशी इतिहासलेखन ठरेल. महापालिकेच्या सेवेत असलेले रुस्तम मसानी यांनी तसे केले नाही. या वादाच्या निमित्ताने त्यांनी विहिरींविषयीच्या लोकसमजुती गोळा केल्या आणि १९१८ मध्ये त्यावर इंग्रजीत एक ग्रंथच प्रसिद्ध केला. पुढे १९२२ मध्ये तेच मुंबईचे पहिले भारतीय आयुक्त झाले. १७२५ मध्ये खोदलेली चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर आजही नांदती आहे.

विहीर उघडी ठेवायची आणि डासही होऊ द्यायचे नाहीत, यावर मधला मार्ग म्हणजे जाळीची झाकणे, किंवा मासे. डासांच्या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन श्वास घेतात, आणि तेथेच वावरणारे छोटे मासे त्या टिपतात. अर्थात मासा पटकीचे जंतू खात नाही. त्यासाठी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हँकिन यांनी रूढ केली होती. नारूचा प्रसार करणारे सायक्लोप्स मात्र मासे खातात. १९३० च्या दशकात म्हैसूर संस्थानात मूर्ती यांनी याच तत्त्वावर विहिरींत देशी मासे सोडून प्रयोग केले.

‘देशी’ हा शब्द येथे महत्त्वाचा. १९१२ मध्येच कलकत्त्याहून सेवेल आणि चौधरी यांनी डास खाणाऱ्या भारतीय माशांची सचित्र माहिती देणारी पुस्तिका प्रसिद्ध केली होती. डोक्यावर चकाकता ठिपका मिरवणारा आपला पिकू या कामात पटाईत. तरीही दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटांतला गप्पी विसाव्या शतकाच्या आरंभी आला आणि १९२८ मध्ये इटलीहून गॅम्ब्युसियाही आणला गेला. कारण व्यावहारिक होते. पिकूची अंडी पाणवनस्पतींना चिकटतात; सिमेंटच्या कोरड्या हौदात त्याची वीण वाढवणे कठीण. गप्पी आणि गॅम्ब्युसिया थेट पिल्लांनाच जन्म देतात, शिवाय घाण पाण्यातही तग धरतात. सरकारी खात्याला याहून सोयीचा मासा कोणता?

म्हणूनच महाराष्ट्रातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी माशांचे हौद दिसू लागले. बंद हौदात हा उपाय आजही उपयुक्त आहे. अडचण वाहत्या पाण्यात होते.

मुळशीच्या घाटमाथ्यावरून उतरणारी मुळा पुण्यात मुठेला मिळते. १८२४ मध्ये मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती जमवण्यासाठी नेमलेल्या विल्यम साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतले मासे अभ्यासले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. विशेष म्हणजे शास्त्रीय नावांत त्यांनी खुद्री, कोलस, नुक्ता अशी इथलीच नावे घातली. खुद्री, म्हणजे दख्खनचा महसीर, त्यांना मुळा-मुठेतच पुण्याच्या पूर्वेस मिळाला होता. त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. धरणे आणि सांडपाणी यांनी ते हिरावले. त्याच पात्रात आता गप्पी आणि गॅम्ब्युसिया आढळतात, आणि गॅम्ब्युसिया तर इतर माशांची अंडी व पिल्लेही फस्त करतो. काही आरोग्य खात्याच्या मोहिमांतून आले असतील, काही कंटाळलेल्या हौशी मंडळींनी घरच्या टाकीतून ओढ्यात सोडलेले.