निळा प्रकाश आणि निद्रा

डोळा केवळ पाहण्याकरितांच आहे, ही समजूत फार जुनी. तिला पहिला धक्का दिला तो कांहीं आंधळ्या उंदरांनीं. अमेरिकेंतील क्लाइड कीलर या शास्त्रज्ञानें १९२७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, जन्मापासून आंधळ्या उंदरांच्याही बाहुल्या उजेडांत आकुंचन पावतात. ज्या डोळ्यास दिसत नाहीं, त्यास उजेड कळतो कसा? या प्रश्नाचें उत्तर मिळावयास पाऊणशें वर्षें लागलीं.

मनुष्याच्या रात्रीचें रूप तर त्यापूर्वींपासूनच पालटत होतें. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ सालीं वायूचे दिवे लागले; १८७९ सालीं एडिसनचा विजेचा दिवा यशस्वी झाला. तथापि तेलाची ज्योत काय किंवा एडिसनची तापलेली तार काय, दोहोंचा उजेड पिवळसर. त्यांत निळा अंश थोडा. तो विपुल असे दिवसाच्या आकाशांत.

१९५८ सालीं येल विद्यापीठांत ॲरन लर्नर यांनीं गुरांच्या मेंदूंतील पिनियल ग्रंथींतून मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. हें द्रव्य रात्रीं रक्तांत वाढतें व शरीरास रात्र झाल्याची वर्दी देतें. १९८० सालीं आल्फ्रेड ल्यूई व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, रात्रीं २,५०० लक्स इतका प्रखर उजेड पडल्यास मनुष्याच्या रक्तांतील हें द्रव्य घटतें. पुढें २००१ सालीं अमेरिकेंत व इंग्लंडांत स्वतंत्र प्रयोग झाले. त्यांत सर्वांत प्रभावी ठरले ते ४६० नॅनोमीटरांच्या आसपासचे, म्हणजे निळे, किरण. २००२ सालीं डेव्हिड बर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेत्रपटलांत स्वतःच प्रकाश ओळखणाऱ्या निराळ्या पेशी दाखवून दिल्या. कीलरचें कोडें उलगडलें. डोळा जग दाखवितो, तसाच मेंदूंतील घड्याळास वेळही कळवितो.

परंतु हें ज्ञान हातीं येण्यापूर्वींच निळा दिवा तयार झाला होता. १९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यांनीं तेजस्वी निळा एलईडी सिद्ध केला. त्यास पिवळा उजेड देणाऱ्या द्रव्याची जोड मिळून पांढरा दिवा झाला. विजेची मोठी बचत झाली, आणि २०१४ सालीं अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस नोबेल पारितोषिक मिळालें. मात्र दिवसाच्या आकाशाचा निळा अंश आतां मध्यरात्रींही उशाशीं आला.

येथें दोन गोष्टींची गल्लत होऊं नये. पडद्याकडे पाहून डोळे शिणतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्यानें व जवळून एकटक पाहिल्यानें. निळे किरण अडविणाऱ्या चष्म्यांनीं हा शीण कमी होतो, असें १७ चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेंत २०२३ सालीं आढळलें नाहीं. निद्रेची गोष्ट निराळी. बॉस्टन येथील एका प्रयोगांत १२ जणांनीं निजण्यापूर्वीं चार तास उजळ पडद्यावर वाचन केलें. मंद उजेडांत छापील पुस्तक वाचतांना लागे त्याहून त्यांस झोंप सुमारें दहा मिनिटें उशिरां लागली, आणि मेलॅटोनिनची वेळ दीड तास पुढें ढकलली गेली.

यावरून उपायही स्पष्ट होतो. सकाळीं गच्चीवर वा अंगणांत मोकळा उजेड घ्यावा. निजण्यापूर्वीं एक-दोन तास पांढरे दिवे मालवून मंद पिवळा दिवा ठेवावा आणि फोन दुसऱ्या खोलींत असावा. पडद्यावर काम करतांना मधून मधून दूर पाहावें. निळ्या किरणांचा दोष एवढाच कीं, दिवसां जागे ठेवणारे हे सोबती रात्रींही घरीं बोलाविले गेले.