पंधराशे तासांचं कोडं

हिंजवडीतली संध्याकाळची ट्रॅफिक टाळायची म्हणून आम्ही काही जण रात्री आठपर्यंत ऑफिसच्या कॅन्टीनमध्येच बसतो. (बरेच पुणेकर विसरतात, पण हिंजवडी, माण हे सगळं मुळशी तालुक्यात येतं.) या कट्ट्यावर आमच्याहून बऱ्यापैकी मोठा एक सहकारी आहे. एकदा त्याच्या ड्रॉवरमध्ये जाड पुठ्ठ्याची एक वही दिसली. लॉगबुक! पठ्ठ्याकडे कमर्शियल पायलट लायसन्स होतं. खात्यावर दोनशे तास आणि वर थोडी मिनिटं. २००८ साली लायसन्स हातात पडलं, त्याच वर्षी मंदी आली, भरती थांबली. कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत. तो कोडिंग शिकला आणि वहीतलं पुढचं पान कोरंच राहिलं.

मी म्हटलं, "अरे, मग एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायचं ना! तास तरी वाढले असते."

तो म्हणाला, "मला विमान उडवायचं होतं रे, शिकवायचं नव्हतं."

तेव्हा मला हा जरा माजच वाटला होता. नंतर या विषयाचा इतिहास वाचत गेलो आणि माझंच मत बदललं. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात अर्थातच जे. आर. डी. टाटांपासून. १० फेब्रुवारी १९२९ला त्यांना भारतात दिलेला पहिला पायलट परवाना मिळाला, नंबर १. १५ ऑक्टोबर १९३२ला ते कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि आपली विमानसेवा सुरू झाली. मधे पावणेचार वर्षंसुद्धा गेली नव्हती. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा सगळं बिऱ्हाड पुण्याला, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर हलायचं. रेडिओ नाही, दिशा दाखवणारी यंत्रं नाहीत. जुलैत ताम्हिणीला जाऊन आलेल्या माणसाला सह्याद्रीतले ढग किती खाली येतात ते सांगायला नको. त्या ढगांजवळचा एक तास आणि उघड्या आकाशात मैदानाभोवती घिरट्या घालण्याचा एक तास, लॉगबुकात दोन्ही सारखेच दिसतात.

आता गंमत बघा. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० स्वतःच्या जबाबदारीवर. त्यानंतर एअरबससारख्या एका प्रकारच्या विमानाचं टाइप रेटिंग करायचं, बरंचसं सिम्युलेटरवर, आणि नोकरी मिळाली तर थेट को-पायलटच्या खुर्चीत. तिथे बसून तास जमवायचे. १५०० तास आणि बाकीच्या अटी पूर्ण झाल्या, परीक्षा पास झाल्या, की सर्वांत वरचं लायसन्स, एटीपीएल. ते मिळालं तरच कॅप्टन होता येतं. या सगळ्या वाटेत इन्स्ट्रक्टर व्हायची सक्ती कुठेच नाही.

अमेरिकेतही कायद्याने सक्ती नाही. पण तिथे को-पायलट व्हायलाच साधारणपणे १५०० तास लागतात (लष्करी वैमानिकांना आणि ठरावीक पदवीधरांना सूट आहे). कमर्शियल लायसन्स मिळतं २५० तासांवर. मधले साडेबाराशे तास आणायचे कुठून? फ्रेशरकडे तीन वर्षांचा अनुभव मागणारी जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिलीय, तसलाच प्रकार. विमान भाड्याने घ्यायचं तर घर विकावं लागेल. म्हणून बहुतेक जण इन्स्ट्रक्टर होतात. विद्यार्थी विमानाचे पैसे भरतो, तास आपल्या वहीत चढतात.

हा नियम आला कसा? १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण गेले. वेग कमी झाल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टनने विमानाचं नाक खाली घ्यायचं सोडून वर ओढलं. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला, २०१०मध्ये कायदा झाला आणि २०१३पासून १५०० तासांची अट लागू झाली. पण त्या कॅप्टनकडे ३,३०० हून जास्त तास होते आणि को-पायलटकडे २,२०० हून जास्त. म्हणजे हा नियम आधीपासून असता तरी दोघंही त्याच कॉकपिटमध्ये बसले असते! आकडा मोजायला सोपा असतो, म्हणून आपण तोच मोजतो. आमच्या अप्रेझलमध्येही याहून वेगळं काही होत नाही.

पण आपली पद्धत लई भारी, असंही म्हणवत नाही. १९५३ला विमानसेवांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नियमित प्रवासी सेवेत वैमानिकाला नोकरी देणारं एक सरकारच उरलं. १९९४ला तो कायदा गेला. २००३ला एअर डेक्कन आली आणि स्वस्त तिकिटांची लाट सुरू झाली. २०० तासांवर थेट एअरलाइन मिळत असेल तर फ्लाइंग क्लबात शिकवत कोण बसणार? अमेरिकेत पोटापाण्यासाठी, मधला मुक्काम म्हणून मास्तर होतात. आपल्याकडे त्या मुक्कामाची गरजच नाही, म्हणून मास्तर टिकणं अवघड. भरती थांबली की मात्र २०० तासवाल्याकडे दुसरी शिडी नसते. माझ्या सहकाऱ्याचं तेच झालं.

परवा त्याला हे सगळं सांगितलं. त्याने लॉगबुक काढून एका ओळीवर बोट ठेवलं. लायसन्ससाठी तीनशे नॉटिकल मैलांचं एक उड्डाण करावं लागतं. पहिल्या प्रयत्नात समोर ढग दाटलेले पाहून तो एकटाच अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता. उड्डाण वाया गेलं, पैसे गेले, सोबतची मुलं हसली.

"सगळ्यात जास्त त्या दिवशी शिकलो," तो म्हणाला.

मी ओळ वाचली. तारीख, विमानाचा नंबर आणि वेळ : १ तास १० मिनिटं. बस्स, एवढंच.