गिरणीचा भोंगा आणि घरातली पाळी

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत धम्मचळवळीचा इतिहास येतो, सत्याग्रहांचा येतो, आणि तो आलाच पाहिजे. यंदा मात्र आम्ही उंबऱ्याच्या आतला इतिहास लिहायला घेतला आहे. त्याचे कारण असे की आपल्या वस्तीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. "पूर्वी बायका घरी असायच्या म्हणून पोरं वळणाला लागायची. आता आईबाप दोघंही कामाला, मग पोरांकडं बघणार कोण?" हे पुरुषच बोलतात असे नाही, म्हाताऱ्या बायकाही बोलतात. पण बोलणाऱ्याने जरा थांबून आपली स्वतःची आजी काय करीत होती ते आठवावे. आपल्यापैकी कितीजणांची आजी घरी बसून होती?

गावाकडे महारकीची कामे एकट्या पुरुषाची कधीच नव्हती. वतनाच्या नावावर अख्खे घर राबत होते. लाकडे फोडणे, सांगावा नेणे पुरुषाकडे, तर झाडलोट, सारवण, शेण उचलणे, सुगीत दुसऱ्याच्या खळ्यावर राबणे बाईकडे. तिच्या कामाची वेगळी मजुरी ठरलेली नव्हती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले तेव्हा आपली माणसे वतनाच्या तुकड्याच्या बदल्यात किती फुकट राबतात हा प्रश्न वेशीवर टांगला गेला. त्या फुकट राबण्यात बायकांचा वाटा किती, याचा हिशेब मात्र कुणी मांडून ठेवला नाही.

मग माणसे मुंबईला आली. बरेचदा पुरुष एकटाच आला आणि बायको रत्नागिरीला नाहीतर सातारला राहिली. तिने शेत बघायचे, सासूसासरे सांभाळायचे, पोरे वाढवायची, आणि त्याने मनीऑर्डर करायची. या घरांतल्या मुलांना बाप कसा दिसत होता? शिमग्याला नाहीतर मे महिन्यात आठ-पंधरा दिवस दिसणारा पाहुणा. तेव्हा मुलांवर बापाचे लक्ष असण्याचा तो जुना काळ नेमका कुठला, हे आम्हाला तरी सापडलेले नाही.

ज्या बायका मुंबईत आल्या त्यांतल्या अनेकजणी गिरणीत लागल्या. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. त्यांचे काम मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याचे, आणि मजुरी बहुतेक कामावर. वर नायकीण असायची. कामावर घेणे न घेणे तिच्या हातात, म्हणून तिला दस्तुरी द्यावी लागे. आपल्या पुरुषांना विणकाम खात्यात प्रवेश नव्हता हे सर्वांना ठाऊक आहे. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, तो 'बाटेल' म्हणून. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे जास्त पगाराचे खाते पुरुषाला जातीमुळे बंद. घरात एकाचा पगार पुरणार कसा? बाई कामाला गेली ती हौसेने नव्हे आणि हक्काची जाणीव झाली म्हणूनही नव्हे, तर पुरत नव्हते म्हणून गेली.

घर म्हणजे काय तर बीडीडी चाळीतली एकशेसाठ चौरस फुटांची खोली. त्यात नवराबायको, पोरे, गावाहून आलेला दीर आणि भाचा. भोंगा होण्याआधी उठून नळावर नंबर लावायचा, चूल पेटवायची, सगळ्यांची भाकरी करायची आणि मग गिरणीच्या दारात पळायचे. संध्याकाळी परत चूल. तान्ह्या पोराचे काय करीत होत्या? थोरली मुलगी असली तर तिची शाळा बंद करून तिच्या काखेला पोर. (आपल्या मागच्या पिढीतल्या कितीतरी आत्यामावश्या निरक्षर राहिल्या त्याचे हे एक कारण आहे. हे त्या स्वतः सांगतात, पण कौतुकाने सांगतात, हे विशेष.) थोरली मुलगी नसली तर अफूची बाळगोळी. मूल दिवसभर झोपून राहावे म्हणून मुंबईच्या कामगार बायका तान्ह्यांना अफूची गोळी देत, हे त्या काळच्या सरकारी चौकशांत नोंदलेले आहे. आज वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या आईला बोल लावणाऱ्याने हेही सांगावे की बारा-बारा तास घराबाहेर असताना तिने दुसरे काय करायचे होते. आणि या चौकशांत आयांना विचारले गेले. बाप काय करीत होता असे कुणी विचारल्याचे दिसत नाही.

या पार्श्वभूमीवर २८ जुलै १९२८ चा दिवस बघितला पाहिजे. मुंबई कौन्सिलात प्रसूतिलाभाचे बिल आले होते. त्याआधी ना. म. जोशी यांनी दिल्लीच्या असेंब्लीत असाच प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. बाळंतपणाच्या रजेचा बोजा उद्योगावर टाकू नये असा विरोध झाला. बाबासाहेबांनी बिलाच्या बाजूने भाषण केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा भार खरे तर सरकारने उचलला पाहिजे. पण मालकालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, कारण बाईला कामावर ठेवण्यात फायदा आहे म्हणूनच तो तिला ठेवतो. आम्हाला या भाषणातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की मूल होणे ही एकट्या बाईची, फार तर तिच्या नवऱ्याची खाजगी बाब मानली जात होती, ती त्यांनी सरकारच्या आणि मालकाच्या हिशेबात आणली. १९२९ साली कायदा झाला. १९३८ साली मुंबई असेंब्लीत संततिनियमनाचा ठराव बाबासाहेबांच्या वतीने श्री. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. किती मुले व्हावीत यात बाईचे काही म्हणणे असू शकते, हेच सभागृहाला पचले नाही.

कायद्याला फाटेही फुटले. काही मालकांनी लाभ देण्यापेक्षा बायका कमी करण्याची वाट धरली. रात्रपाळी बायकांना कायद्यानेच बंद होती. नवी यंत्रे आली, कामाची फेरमांडणी झाली, आणि खात्यांतून बायका हळूहळू बाहेर पडत गेल्या. राधा कुमार यांनी १९८३ साली दोन महायुद्धांमधल्या मुंबईच्या गिरणी कामगार बायकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. बाईची कमाई म्हणजे घराला लावलेला हातभार, खरा कमावता पुरुष, ही समजूत मालक, सरकार आणि युनियन अशा सगळ्यांचीच होती आणि ती बायकांना बाहेर काढायला उपयोगी पडली, हे त्यातून ध्यानात येते. म्हणजे बघा, ज्या घरात दोघांच्या पगाराशिवाय चूल पेटत नव्हती, त्या घरातल्या एका पगाराला 'हातभार' म्हणायचे!

२० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. बाबासाहेबांचे तिथले भाषण आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी होऊ नका, मैत्रीण होऊन बरोबरीने उभ्या राहा. पण त्या परिषदेत बायकांनी स्वतः काय ठराव केले ते फारसे सांगितले जात नाही. घटस्फोटाचा हक्क मागितला, एका पुरुषाने अनेक बायका करण्याला विरोध केला, आणि गिरणीतल्या, विडी कारखान्यातल्या, नगरपालिकेतल्या व रेल्वेतल्या कामगार बायकांना रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावे असे मागितले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ च्या पुस्तकात या बायकांच्या आठवणी गोळा केल्या, म्हणून तरी हे टिकले. विहाराच्या वाचनालयात हे पुस्तक असावे.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. १९४३ साली युद्धामुळे कोळसा कमी पडू लागला आणि बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली. सभागृहात त्यावर टीका झाली आणि उत्तर बाबासाहेबांना द्यावे लागले. ही तात्पुरती सोय आहे, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, असे त्यांनी सांगितले. हा प्रसंग अवघड आहे, तो झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली आणि त्याच साली खाणींसाठी पाळणाघरांचे नियम आले. पुढे १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ही संख्या तीसवर आणली आणि त्याच साली समान वेतनाचा कायदाही झाला. पण पन्नासच्या वर बायका झाल्या तर पाळणाघर काढावे लागत होते, म्हणून पन्नासच ठेवायच्या, हे गणित मालकाला कुणी शिकवावे लागत नव्हते.

आता समाजशास्त्राचे पंडित काय म्हणतात ते थोडे पाहू. अमेरिकेतले टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५५ च्या सुमारास असे मांडले, की कुटुंबात पुरुषाने बाहेरचे कमवायचे आणि बाईने आतले प्रेम-माया सांभाळायची, ही वाटणी समाजाला सोयीची आहे. सोयीची असेलही, पण कोणाच्या घरात? ही वाटणी बीडीडी चाळीतल्या खोलीत कधी मावलीच नाही. १९७४ साली इंग्लंडच्या अ‍ॅन ओकली यांनी घरकाम हे कामच आहे असे धरून त्याचा अभ्यास केला. १९८९ साली आर्ली हॉकशील्ड यांनी अमेरिकेतल्या नोकरी करणाऱ्या जोडप्यांच्या घरी जाऊन पाहिले आणि सांगितले, की बाई ऑफिसातून येते ती घरातल्या दुसऱ्या पाळीवर. 'पाळी' हा शब्द त्यांनी कारखान्यावरूनच घेतला. आपल्या आज्यांना तो समजवावा लागला नसता.

पण आमच्या मते आपल्याला सर्वात जवळचे बोट एम. एन. श्रीनिवास यांनी ठेवले आहे. खालची मानलेली जात वर चढू लागली की वरच्यांचे रीतिरिवाज उचलते आणि त्यात बायकांवरची बंधने वाढतात, असे त्यांनी दाखवले. आपण तर १९५६ साली ते देवधर्म सोडले. मग हे आपल्याला लागू नाही असे वाटेल. वाटेल खरे, पण बँकेत, रेल्वेत, पोस्टात मुलगा लागला की पहिली फुशारकी कोणती मारली जाते? "आता आमच्या हिला कामाला जायची गरज नाही." सिगालोवाद सुत्तात पतीने पत्नीचा मान राखावा आणि घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा असे सांगितले आहे. अधिकार म्हणजे कपाटाच्या किल्ल्या, एवढाच अर्थ आपण सोयीने घेतला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि पुष्कळजण पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. त्या वर्षांत गिरणगावातली कितीतरी घरे बायकांनी चालवली. कुणी धुणीभांडी धरली, कुणी पोळीभाजीचे डबे केले, कुणी भाजी विकली, कुणी शिवणयंत्रावर बसली. पुरुष दिवसभर घरी होता. समाजशास्त्राच्या पुस्तकी हिशेबाने आता भूमिका बदलायला हव्या होत्या. बदलल्या का? काही घरांत नवऱ्याने स्टोव्ह पेटवला, पाणी भरले. पण दार लावून! शेजाऱ्याने बघितले तर काय म्हणेल, ही लाज पगार गेल्याच्या दुःखापेक्षा लहान नव्हती. बाकी घरांत तो नाक्यावर उभा राहिला आणि बाई चार घरची भांडी घासून आली की स्वतःची घासत बसली. त्या पुरुषाची कुचंबणा खोटी नव्हती. कमावणारा हीच त्याची सारी ओळख होती आणि ती गेल्यावर बाप म्हणून, नवरा म्हणून घरात काय करायचे हे त्याला कुणी शिकवलेच नव्हते.

आता थोडे आकडे सांगतो. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचे बिनपगारी काम करणाऱ्यांत बायका तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. शिवाय असे काम रोज करणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी होत्या आणि पुरुष सव्वीस. प्रसूतिरजा १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे होती, ती २०१७ साली सव्वीस झाली आणि पन्नास कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघरही आले. पन्नासमध्ये आता पुरुषही मोजले जातात, ही बारीकशी वाटणारी गोष्ट मोठी आहे. पण चार घरी पोळ्या लाटणारीला ही सव्वीस आठवड्यांची रजा कोण देणार? तिच्यासाठी महाराष्ट्रात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण मंडळ म्हणजे मालक नव्हे. अंगणवाडी १९७५ पासून आहे, तीही काही तासांपुरती. बारा वाजता सुटलेले मूल आई येईपर्यंत कुठे असते? बहुधा मोठ्या बहिणीजवळ, नाहीतर मोबाईलजवळ.

आपल्या विहाराचे सभागृह सकाळची वंदना झाली की संध्याकाळपर्यंत बंद असते. पंखे आहेत, पाणी आहे, मोरी आहे. तिथे वस्तीतल्या कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू करावे, असा प्रस्ताव आम्ही या लेखाबरोबर कार्यकारिणीकडे लेखी देत आहोत. ते काम महिला मंडळाकडे सोपवून मोकळे व्हावे, असे काहीजणांनी आताच सुचवले आहे. आमची सूचना अशी की सेवानिवृत्त उपासकांचीही आठवड्यातून एकेक दिवस पाळी लावावी. नावनोंदणीची वही कार्यालयात ठेवलेली आहे.