माटुंग्याचा जिना: सागवान, घनफूट आणि राजा थिबा

आजचा भाग जिन्यावर आहे. गडाचा जिना नाही, राजवाड्याचाही नाही. साधा, घरातला, लाकडी जिना. तो निवडायचा कसा, त्याची किंमत काढायची कशी आणि त्या किमतीत इतिहास कुठे कुठे लपलेला असतो, यावर बोलू.

आधी प्रसंग सांगतो. रत्नागिरी तालुक्यात आमच्या गावी आई-बाबा घर बांधतायत. खाली दोन खोल्या, वर एक मोठी खोली, आणि जिना लाकडाचाच हवा हा बाबांचा हट्ट. त्याच वेळी माटुंग्यातली आमची १९३४ सालची इमारत पुनर्विकासाला निघाली आहे. तळमजला अधिक दोन मजले, भाडेकरू सगळे पागडीचे. या इमारतीचा जिना सागवानी आहे. तो वर्षाअखेरीस उतरवला जाणार. एका बाजूला जिना विकत घ्यायचाय, दुसऱ्या बाजूला जिना मोडला जातोय. मग तोच का नको, हा प्रश्न कोणालाही पडेल.

पण त्याआधी तो जिना माटुंग्यात आलाच कसा?

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकेशियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. पुढच्या दोन वर्षांत सरकारला एवढं कळलं की मुंबईची दाट वस्ती विरळ केल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. या ट्रस्टने जुनी वस्ती पाडून रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंगा-वडाळा-शीव या पट्ट्यात शेतं आणि पाणथळ जागा संपादून प्लॉट पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही सगळी त्या आखणीची फळं. प्रत्यक्ष बांधकामाला रंग चढला तो १९२० आणि ३० च्या दशकांत. व्हीजेटीआयसुद्धा १९२३ मध्ये इथे आली.

ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर. या गृहस्थांना उजेडाचं वेड होतं. त्यांचा आवडता नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. म्हणजे समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून तुमच्या खोलीच्या पायापर्यंत रेघ काढली तर ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. कॅल्क्युलेटर काढा: या कोनाचा टॅन जवळपास २ येतो. सोप्या मराठीत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सोडा. गिरगावातल्या जुन्या चाळीचा अंधारा जिना आणि माटुंग्यातला वळणावर खिडकी असलेला जिना यांतला फरक मला या विचारात दिसतो. आमच्या जिन्यावर सकाळी साडेआठला ऊन यायचं. कागदावर ते ऊन प्लेगमुळे आलेलं आहे.

आणि उंची कमी ठेवल्यामुळे लाकूड चाललं. दोन मजल्यांना लिफ्ट लागत नाही. विटांच्या भिंती, सागवानी तुळया, सागवानी जिना ही पद्धत सुतारांच्या हाताला बसलेली होती, आणि लाकूड बंदरात उतरत होतं.

आता त्या लाकडाकडे वळू. मुंबई आणि सागवान यांचं नातं जहाजांपासूनचं. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि गोदीत सागवानी जहाजं बांधू लागले. ओकच्या लाकडात टॅनिन असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागाच्या तेलामुळे लोखंड टिकतं. मुंबईत १८१७ मध्ये बांधलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. तेव्हाचा साग मुख्यतः मलबारचा. तो तोडून तोडून कमी झाला आणि नजर ब्रह्मदेशाकडे गेली.

१८६३ मध्ये मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. वॉलेस बंधूंची कंपनी, धंदा साग. (आज ती वाडिया समूहात आहे, त्याच समूहात ब्रिटानियाही. पुढच्या वेळी चहात बिस्किट बुडवताना आठवा.) सागाची तोडणी कशी व्हायची ते ऐकण्यासारखं आहे, कारण किमतीचं अर्धं गणित तिथेच आहे. हिरवा साग पाण्यात तरंगत नाही. म्हणून आधी उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि सालीखालचं कोवळं लाकूड गोल कापून काढायचं. झाड उभ्या उभ्या मरतं आणि दोन-तीन वर्षं तसंच वाळतं. मग तोडायचं, हत्तींनी ओढून ओढ्यात टाकायचं, आणि पावसाच्या पुराची वाट बघायची. ओंडका इरावतीतून रंगूनला किंवा साल्वीनमधून मौलमीनला पोचेपर्यंत आणखी काही वर्षं जायची. तिथे वाफेच्या गिरण्यांत कापला जायचा आणि मग आगबोटीने मुंबई. एवढं निवांत वाळलेलं लाकूड आज कोणी तुम्हाला देणार नाही, कारण एवढा वेळ भांडवल अडकवून कोणी ठेवणार नाही.

१८८५ मध्ये ब्रह्मी दरबाराने या कंपनीवर आरोप ठेवला की तुम्ही नेलेत जास्त ओंडके आणि पैसे भरलेत कमी ओंडक्यांचे. दंड सुमारे २३ लाख रुपये. इंग्रजांना फ्रेंचांची भीती होतीच, उत्तर ब्रह्मदेश हवाही होता. त्यांना निमित्त मिळालं. नोव्हेंबरात फौजा निघाल्या, महिना संपायच्या आत मंडाले पडलं आणि राजा थिबा कैदी झाला. १ जानेवारी १८८६ ला उत्तर ब्रह्मदेश खालसा. लाकडाच्या मापावरून सुरू झालेल्या भांडणात एक राज्य गेलं.

थिबाला आणून ठेवलं कुठे, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नकोच. एप्रिल १८८६ मध्ये तो रत्नागिरीत आला. त्याच्यासाठीचा राजवाडा तयार व्हायला १९१० साल उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आमच्या नव्या घराची जागा त्या राजवाड्यापासून गाडीने पाऊण तासावर आहे.

माप हा विषय निघालाच आहे तर ते बघू. सागाचा गोल ओंडका आपल्याकडे अजूनही 'हॉपस'च्या मापाने मोजतात. ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाचं हे कोष्टक १७३६ चं, म्हणजे लवजी मुंबईत आले त्याच वर्षीचं. यात गंमत अशी की उत्तर खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच येतं (पाय भागिले चार). उरलेले साडेएकवीस टक्के म्हणजे ओंडका चौकोनी करताना जाणारी तूट. म्हणून वखारीत भाव विचारताना पहिला प्रश्न 'किती?' नसून 'कुठल्या मापाने?' हा असावा. कापीव लाकडाचं घनफूट म्हणजे सरळ १,७२८ घनइंच, गोल ओंडक्याचं तसं नाही.

आता आमच्या जिन्याचा हिशेब. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार घरातल्या पायरीचा चढ १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नको आणि पाऊल ठेवायची जागा २५० पेक्षा कमी नको. १६ चढ केले तर साडेसात इंच, म्हणजे १९०.५ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरने नापास! म्हणून १७ चढ, प्रत्येकी सात इंचांच्या किंचित वर. पायऱ्या १६, कारण सतरावी पायरी म्हणजे वरची जमीनच. प्रत्येकी १० इंच पुढे गेलं तर आडवं अंतर १६० इंच. उभे १२०, आडवे १६०, तिरके बरोबर २००. तीन-चार-पाचचा त्रिकोण! मी हे आमच्या सुतारकाकांना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "गुण्या त्यावरच तर तपासतात रे."

पायऱ्यांच्या फळ्या साडेतीन फूट लांब, ११ इंच रुंद (एक इंच पुढे डोकावणारी कड), दीड इंच जाड. सोळांचे ६.४ घनफूट. मधल्या उभ्या फळ्या २.२. दोन बाजूंचे तिरके आधार, १२ इंच रुंद आणि २ इंच जाड, मिळून ५.६. कठडा, खांब, गज धरून अंदाजे ३. झाले साधारण १७. त्यावर पंचवीस टक्के तूट धरा, म्हणजे २१ च्या वर. हिशेबापुरता भाव घनफुटाला ४,५०० धरला तर नुसतं लाकूड ९५ हजारांच्या आसपास. मजुरी आणि पॉलिश वेगळं. मजुरी घनफुटावर ठरवू नका, ठोक ठरवा. नाहीतर जाड लाकूड वापरण्यात सगळ्यांचाच फायदा होतो, तुमचा सोडून.

लाकूड कुठलं? तीन पर्याय समोर होते. पहिला आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा, बाजारात 'बल्लारशा' नावाने मिळणारा. नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान वापरलंय, तोही याच विदर्भाचा माल. उत्तम लाकूड, भावही तसाच. दुसरा आयात साग: घाना, इक्वेडोर, पनामा इथल्या लागवडीतला. झाडं कमी वयाची, त्यामुळे कडेचा पांढरट भाग जास्त, आणि वाळवी आधी तिथेच लागते. फळीचं तोंड बघा, पांढरा पट्टा किती ते मोजा, मगच बोला. 'आफ्रिकन टीक' म्हणून मिळणारं लाकूड तर बऱ्याचदा सागच नसतं, इरोको नावाचं वेगळं झाड असतं. वाईट नाही, पण मग भाव सागाचा का द्यायचा?

तिसरा पर्याय बर्मा. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि मुंबईचा पुरवठा तुटला. पुढे इमारती काँक्रीटच्या झाल्या, जिने मोझॅकचे. २०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच थांबवली. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर अमेरिकेने निर्बंध घातले. त्यामुळे आज मुंबईत कोणी 'अस्सल बर्मा' म्हणालं तर ते बहुधा एखाद्या पाडलेल्या इमारतीतून आलेलं असतं. म्हणजे आमच्यासारख्यांच्या जिन्यातून.

हा जिना नव्वद वर्षं टिकला तो मालकाच्या प्रेमामुळे नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि पाडणं जमेना. १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती मंडळ नेमलं. मंडळाची माणसं आली की कुजलेल्या तुळया काढून लोखंडी गर्डर घालत. आमच्या गॅलरीचं तसं झालं. जिना मात्र ठणठणीत होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही.

आणि आता मुख्य मुद्दा. पुनर्विकासाच्या करारात आमच्या हक्कांची यादी आहे. किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र, तोवरचं भाडं, ठेव. जिना त्यात कुठेच नाही. कसा असेल? पागडीवाल्याचा हक्क राहण्याचा, लाकडाचा नव्हे. आजी नव्वदीत पोचेपर्यंत तो चढली, आईने गणपतीच्या आदल्या दिवशी दरवर्षी तो धुतला, पण कागदोपत्री तो मलबा आहे. पाडकामाचा ठेकेदार विकासकाला ठोक रक्कम देतो आणि लोखंड, दारं, लाकूड त्याचं होतं. मला यात अन्याय झाला असं म्हणायचं नाही, नियम तसाच आहे. पण बैठकीत मी विचारलं तेव्हा इतर भाडेकरू माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागले, त्यावरून कळलं की हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता.

मग मी टेप घेऊन मोजलं. जिना चार फूट रुंद, पायरीची फळी ११ इंच, जाडी पूर्ण २ इंच. मजल्याला १८, दोन मजल्यांच्या ३६. एका फळीचे १,०५६ घनइंच, छत्तीसांचे बरोबर २२ घनफूट. आधार आणि कठडा न धरता. मधोमध पाय पडून पडून फळ्या खोलगट झाल्यात, सगळ्यांत जास्त झिजलेली पाव इंच. म्हणजे रंधा मारून, उलटी बसवून दीड इंच जाडीची फळी आरामात निघते. चार फुटांची साडेतीन करायची तर खिळ्यांची टोकंही कापली जातात. ३६ पैकी चांगल्या १६ हव्यात.

ठेकेदार घनफुटावर अडला, आणि त्याचं माप पूर्ण फळीचं, खिळ्यांची भोकं आणि खोलगट भाग धरून. मी म्हटलं, रंधा मारल्यावर मोजू. तो हसला. दोन चहा झाले. शेवटी घनफूट सोडून नगावर आलो: १६ फळ्या, मी खुणा करीन त्याच, उतरवताना पहारीने न उचकटता खिळे काढून. हे शेवटचं लिहून घेतलं, कारण पहारीने उचकटलेली फळी टोकाला चिरते आणि चिरलेली फळी जिन्याला चालत नाही. नगाचा भाव नव्या बल्लारशाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास बसला. आधारांसाठी मात्र नवीनच घेतोय, जुन्यांना खाचा पाडलेल्या असतात आणि आमचा चढ वेगळा.

कठड्याचा विषय काढला तेव्हा कळलं की तो आधीच गेलाय. ओशिवऱ्याच्या एका जुन्या फर्निचरवाल्याने बयाणा देऊन ठेवलाय, खालच्या कोरीव खांबासकट. किंमत विचारली. आमच्या सोळा फळ्यांपेक्षा जास्त होती.