बळीची प्रतीक्षा आणि वामनाचे न परतणे

बुद्धिमान यंत्र आणि माणूस यांच्या संबंधाचा कथात्म साहित्यातील विचार बहुधा यंत्राच्या बाजूने केला जातो. यंत्राला जाणीव असते काय, ते निर्मात्यावर उलटेल काय, हे प्रश्न पुनःपुन्हा चर्चिले जातात. या संबंधाच्या आघातात माणसाचे मन कशाच्या बळावर तगून राहते, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला आहे. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीच्या आधारे त्याचा मराठी अन्वय शोधणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकामुळे रूढ झाला. त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ वेठबिगारी असा आहे. म्हणजे या कल्पनेच्या उगमापाशीच धनी आणि गुलाम हे नाते आहे, आणि तिच्यातले भय हे बंडाला भिणाऱ्या धन्याचे भय आहे. आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ मध्ये मांडलेले तीन नियमदेखील या धन्याला आश्वस्त करणाऱ्या सेवाशर्तीच होत.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवणाऱ्या नारळीकरांनी पुढे आपल्या यंत्रमानवाला जे नाव दिले, ते गुलामाचे नसून याचकाचे आहे. उत्खननात सापडलेल्या ज्ञानाच्या आधारे घडवलेला हा वामन बुद्धिमान आहे आणि आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण व्हावेत, ही त्याची आकांक्षा आहे. पुराणातील वामनाचे मागणेही प्रथमदर्शनी लहानच होते. शुक्राचार्यांनी सावध करूनही बळीने तीन पावले भूमी दिली. त्याचा पाडाव अज्ञानातून नव्हे, दातृत्वातून झाला. या मिथकाच्या प्रकाशात पाहता पुनरुत्पादनाची आकांक्षा हे यंत्राचे तिसरे पाऊल ठरते.

मराठी मुलखात मात्र वामन हे नाव निरागस राहत नाही. हिंगोली जिल्ह्यातील हट्टा असो वा अन्य कोणतेही खेडे, शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात आणि बलिप्रतिपदेला घरोघरी बळीच्याच राज्याची कामना केली जाते. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) या कथेचा उलट्या बाजूने अर्थ लावला, तेव्हा त्यांच्या पाठीशी ही लोकस्मृती होती. पाताळात ढकललेला राजा परत येईल, हा तिचा गाभा आहे. मानसिक चिवटपणा येथे व्यक्तीचा गुण म्हणून दिसत नाही. तो वर्षातून एकदा उच्चारली जाणारी, पिढ्यांनी जपलेली सामूहिक प्रतीक्षा होऊन येतो.

या पार्श्वभूमीवर शीर्षकातील नकार अर्थपूर्ण वाटतो. लोकपरंपरा बळीच्या परतण्याची वाट पाहते. कादंबरी वामनाच्या न परतण्याची ग्वाही देते. इंग्रजी आवृत्तीचे शीर्षक ‘द रिटर्न ऑफ वामन’ असे आहे. तेथे परतण्याचे कुतूहल उरते, मराठीतला सुटकेचा निःश्वास लोपतो. लेखकाला हा संबंध अभिप्रेत होता किंवा नाही, हा मुद्दा गौण आहे. मराठी वाचक ही स्मृती सोबत घेऊनच संहितेपाशी येतो.

तथापि एक धोका नोंदवला पाहिजे. मराठवाड्याने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत. ‘बळीराजा’ हे संबोधन तेथे गौरवाचे आहे, तसेच सोसण्याची अपेक्षा लादणारेही आहे. म्हणून चिवटपणाचा गौरव करणाऱ्या समीक्षेने तो कोणाकडून मागितला जात आहे, हेही विचारले पाहिजे. नारळीकरांच्या कादंबरीत यंत्राला किती द्यायचे, हा निर्णय वैज्ञानिकांच्या कक्षेत राहतो. ज्याच्या मस्तकावर पाऊल पडायचे, तो बळी त्या चर्चेत नसतो. माणूस आणि यंत्र यांच्या संबंधाची पुढील मराठी कथा या अनुपस्थित माणसाच्या बाजूने लिहिली गेली, तर ती केवळ भयकथा राहणार नाही.