बॉनेटखालचा ओलावा आणि अडून बसलेले इंजिन

पावसाळ्याचे पहिले चार दिवस उलटले की मुंबई-पुण्यातील सोसायट्यांच्या आवारात सकाळी एक आवाज हमखास कानी पडतो. गाडीचा सेल्फ फिरत राहतो, इंजिन मात्र धरत नाही. आदल्या संध्याकाळी विनातक्रार घरी आलेली गाडी रात्रभराच्या पावसानंतर अशी अडून बसते आणि दुपारी ऊन पडले की काहीही न करता सुरू होते. मेकॅनिक येईपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. सेल्फ जोमाने फिरत असेल, तर बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी पहिला संशय बॉनेटखालच्या ओलाव्यावर घ्यावा.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडण्यासाठी बॅटरीच्या 12 व्होल्टचे रूपांतर इग्निशन कॉइलमध्ये 20 हजार व्होल्टहून अधिक दाबात केले जाते. हा दाब जाड वेष्टनाच्या वायरींतून स्पार्क प्लगपर्यंत पोहोचतो आणि प्लगच्या टोकाशी असलेली जेमतेम 1 मिलिमीटरची फट ओलांडतो. सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या मिश्रणातून ही उडी मारणे विजेला सोपे नसते. बाहेरून इंजिनाच्या धातूकडे जाणारी दुसरी सोपी वाट मिळाली, तर ती तीच धरते. निव्वळ पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नाही. परंतु वायरींवर बसलेली धूळ, तेलकट काजळी आणि किनाऱ्यालगतच्या हवेतील क्षार यांत ते मिसळले की चांगली वाट तयार होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धडधाकट वायरींवर थोडे पाणी उडाल्याने गाडी बंद पडत नाही. बारीक तडे गेलेले वेष्टन, कडक झालेली रबरी टोपणे, झिजून फट वाढलेले प्लग हे दोष उन्हाळ्यातही असतातच; ओलावा ते उघडे पाडतो इतकेच. त्यामुळे ‘गाडी वाळली, सुरू झाली, विषय संपला’ असे मानणे चुकीचे आहे.

प्रीमियर पद्मिनी किंवा कार्बोरेटरच्या मारुती 800 सारख्या गाड्यांत या तक्रारीचे माहेरघर म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याच्या टोपणात रात्रीच्या गारव्याने दव साचते. टोपण काढून कोरड्या फडक्याने आतून पुसले की गाडी लगेच सुरू होते, हे जुन्या चालकांना पाठ असे. मात्र आतल्या बाजूस पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर पुसून उपयोग नाही. ती ठिणगीने जळून उमटलेली कार्बनची रेघ असते व विजेला कायमची वाट देते. टोपण बदलणे हाच तेथे उपाय.

अलीकडच्या बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही; प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. तरीही प्लग ज्या खोल खळग्यात बसतो, त्यात पाणी उतरले की तेथून लवकर सुकत नाही. मग इंजिन एका सिलिंडरवर ‘मिसिंग’ मारू लागते, चढावर झटके देते आणि डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागतो. सीएनजी गाड्यांत हा दोष आधी कळतो, कारण त्या वायूला पेटण्यासाठी अधिक जोरकस ठिणगी लागते. गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर मिसिंग, असे आढळल्यास प्लग, वायरी व कॉइल आधी तपासून घ्यावेत. गॅसच्या किटची खोलखाल नंतर करावी.

गळती शोधण्याची एक जुनी युक्ती आजही उपयोगी आहे. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे व वायरींवर लांबून पाण्याचा अगदी हलका फवारा मारावा. वेष्टन फुटले असेल तेथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. चालू इंजिनाच्या वायरींना हात मात्र लावू नये. बसणारा झटका साधा नसतो. वायरी काढायच्या झाल्यास इंजिन बंद करून एकेक काढावी व पुसून लगेच जागच्या जागी लावावी, अन्यथा क्रम चुकतो. बदलायच्या असल्यास पूर्ण संच बदलावा.

मिसिंग मारणारी गाडी ‘चालते आहे ना’ म्हणून दामटणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो तापून निकामी होतो. त्याच्या किमतीपुढे प्लग-वायरींचा खर्च किरकोळ ठरतो. इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेणेच शहाणपणाचे.

हे पाणी येते कोठून? झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी पाने अडकतात. निचऱ्याची भोके बुजली की तेथील पाणी उलट इंजिनावर ओघळते. गुलमोहराची बारीक पाने तर यात फारच वाकबगार. दुसरे कारण म्हणजे इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण, जे दुरुस्तीनंतर अनेकदा परत बसवलेच जात नाही. आणि तिसरे आपणच ओढवून घेतलेले: सर्व्हिसिंगच्या वेळी जोरदार फवाऱ्याने इंजिन धुऊन घेणे. चकचकीत इंजिनाचा हा हौशी आग्रह पावसाळ्यात तरी सोडावा.

साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीची गोष्ट वेगळी आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बुडालेल्या मोटारींची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. एअर फिल्टरमधून पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरले असेल, तर सेल्फ एकदाही मारू नये, मग गाडी पेट्रोलची असो वा डिझेलची. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय नेहमीच्या विमा पॉलिसीत पुराचे नुकसान समाविष्ट असले, तरी पाण्यात सेल्फ मारल्याने मोडलेल्या इंजिनाचा दावा कंपन्या सहसा नाकारतात. त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते. अशी गाडी ढकलून उंचावर न्यावी, बॅटरीची वायर सोडवावी आणि टोइंग व्हॅनची वाट पाहावी.